खाडीकाठावरून : कुणाचं ऐकायचं?

मंडळी, यंदा संपादकांनी फराळावर लिहा असं सुचवलं होतं. वसईची ख्रिस्ती बाई दिवाळीच्या फराळावर काय लिहिणार, असं कुणाला वाटत असेल तर सांगते, चकल्या मला चांगल्या येतात. गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यात आधी माझाच डबा रिकामा झाला होता. पण यंदा घरात असा काही वाद पेटला आहे की भाजणीच्या प्रमाणात मन लागत नाही. तेव्हा फराळ पुढच्या वर्षी. यंदा भांडण ऐका.

भांडण तीन पिढ्यांचं आहे. एका टोकाला वसईत माझी आई, वय वर्षं ७३. दुसऱ्या टोकाला इथे पोरिरुआत आमचे चिरंजीव, वय २४. मध्ये मी. रात्रपाळी करून आलेली, दोन्हीकडचे फोन घेणारी.

झालं असं. मुलगा गेली तीन वर्षं रविवारी आमच्याबरोबर इथल्या चर्चमध्ये येईनासा झाला. पहाटे उठतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, आणि पावणेदोनशे किलोमीटर गाडी हाणत वांगानुईला जातो. ट्रान्समिशन गलीचा रस्ता झाल्यापासून त्याला ते अंतर वाटतच नाही. तिथे सेंट पायस दहावे सोसायटीचं चर्च आहे, शाळाही आहे, आणि मिस्सा लॅटिनमध्ये होते. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभे. बायकांच्या डोक्यावर ओढणी. आम्हाला वाटलं, वयाचं खूळ आहे. कुणाची मुलं मोटरसायकल घेतात, आमच्याने लॅटिन घेतलं. मग यंदा ईस्टरनंतर कळलं की तिथल्याच एका कुटुंबातली मुलगी त्याने पसंत केली आहे. मुलगी गुणाची आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लग्न तिथेच, त्याच फादरांच्या हातून, लॅटिन मिस्सेत व्हायचं, असा दोघांचा आग्रह आहे.

आईला फोनवर सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "बिशपांचं न ऐकणाऱ्या लोकांच्या चर्चमध्ये माझ्या नातवाचं लग्न होणार असेल तर मी येत नाही. तिकीट काढू नको."

मंडळात आमच्यासारखी ख्रिस्ती कुटुंबं चारच. बाकीच्या वाचकांना हे सगळं लांबचं वाटेल म्हणून थोडं उलगडून सांगते. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासना लोकांच्या भाषेत व्हावी हा दरवाजा तिने उघडला. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी मिस्साविधीचं नवं पुस्तक दिलं, आणि जगभर लॅटिन मागे पडून मराठी, कोकणी, सामोअन, माओरी पुढे आल्या. फ्रान्सचे आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी १९७० मध्ये ही सोसायटी स्थापन केली आणि जुनी मिस्सा चालू ठेवली. १९८८ च्या जूनमध्ये पोपची परवानगी नसताना त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली, तेव्हा ते आणि ते चौघे चर्चबाहेर गेल्याचं रोमने जाहीर केलं. पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुन्या मिस्सेला मोकळीक दिली आणि २००९ मध्ये त्या चार बिशपांवरचा बहिष्कार उठवला. पण सोसायटीचा कारभार अजून नियमात बसलेला नाही. ना पूर्ण आत, ना पूर्ण बाहेर. मग १६ जुलै २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी बेनेडिक्ट यांची मोकळीक आवळली. जुन्या विधीला आता बिशपांची परवानगी लागते, आणि नव्याने दीक्षा झालेल्या फादरांना तर बिशपांनी रोमला विचारून मगच होकार द्यायचा.

न्यूझीलंडमध्ये या आवळण्याची झळ आणखी एका ठिकाणी बसली. क्राइस्टचर्चला जुन्या विधीचे संन्यासी होते, स्कॉटलंडजवळच्या पापा स्ट्रॉन्से बेटावरून आलेले. ते २००८ मध्ये रोमशी रीतसर जोडले गेलेले, म्हणजे वांगानुईवाल्यांसारखे अधांतरी नव्हेत. रोमने चौकशी करवली आणि जुलै २०२४ मध्ये बिशप मायकल गीलन यांनी त्यांना धर्मप्रांतातून जायला सांगितलं. चौकशीत काय निघालं यावर मी काही बोलणार नाही. पण त्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर जे झालं ते मला ठाऊक आहे. मुलगा म्हणाला, "बघ, जे नियमात राहिले त्यांनाही हाकललंच. मग नियमात राहून काय मिळतं?" त्याच्या बाबांनी ताट उचललं आणि ते स्वयंपाकघरात गेले. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही.

हा वाद आपल्याकडे नवा आहे असं आईला वाटतं. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, फादर सांगतील ते." तिच्या वेळी नसेल. तिच्या पणजोबांच्या वेळी होतं, आणि असं होतं की वांगानुई त्यापुढे काहीच नाही.

१५३४ पासून वसई पोर्तुगीजांची. आशियात चर्च बांधायची, फादर पाठवायचे, बिशप कोण ते सुचवायचं, हा सगळा हक्क पोपनी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. पुढे राजाच्याने सगळीकडे पुरेना, म्हणून रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं, ते प्रोपागांडा. एकाच गावात दोन मालक झाले की काय होतं ते आपल्याला भाऊबंदकीवरून माहीत आहे. मुंबई इंग्रजांकडे गेलेली. त्यांना पोर्तुगीज फादर म्हणजे पोर्तुगालचे हेर वाटत, म्हणून १७२० मध्ये त्यांनी त्यांना काढून रोमच्या कार्मेलाइट फादरांना आणलं. १७८९ मध्ये पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपकडे कारभार दिला, १७९१ मध्ये पुन्हा काढून घेतला, आणि १७९४ मध्ये कंटाळून वाटणी केली. मुंबई बेटावर दोन चर्च यांना, दोन त्यांना. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, पोर्तुगीज राज्य गेलं, पण आमच्या चर्चवरचा गोव्याचा अंमल तसाच राहिला. राज्य पेशव्यांचं, नंतर इंग्रजांचं, आणि फादर मात्र गोव्याहून.

२४ एप्रिल १८३८ ला पोप सोळावे ग्रेगरी यांनी 'मुल्ता प्रेक्लारे' नावाचं फर्मान काढलं. गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार पोर्तुगीज मुलखापुरता, बाकी हिंदुस्थान प्रोपागांडाच्या बिशपांकडे. गोव्याच्या बाजूच्या फादरांनी ते मानलं नाही. त्यांचं म्हणणं काय होतं ते नीट ऐका, कारण मी ते वाचलं तेव्हा मला आमच्या जेवणाच्या टेबलावर बसल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, आम्ही पोपना मानतोच. पण हा हक्क त्यांच्याआधीच्या पोपनी दिलेला आहे, तो असा एका कागदाने जात नाही. राजाला न विचारता काढलेलं फर्मान लागूच होत नाही. पोपना कुणीतरी चुकीची माहिती दिली असणार. आम्ही बंडखोर नाही, आम्ही परंपरा राखतो आहोत. रोमवाले त्यांना फुटीर म्हणत. गोव्याची फूट असंच नाव पडलं त्याला.

कळस झाला माहीमला, १८५३ मध्ये. तिथलं सेंट मायकल चर्च प्रोपागांडाच्या वाट्याचं. लोकांतला मोठा गट म्हणाला, आम्हाला गोव्याकडे जायचं आहे. बिशप होते अनास्तासियुस हार्टमान, स्वित्झर्लंडचे कापुचिन. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी मुंबईत कॅथलिकांचं साप्ताहिक सुरू केलं तेच. 'एक्झामिनर' म्हणून ते आजही निघतं. ते म्हणाले, चर्च फुटीरांच्या हातात देण्यापेक्षा इथे मरेन. आणि खरंच आत जाऊन बसले. बाहेर त्यांच्याच धर्मग्रामाच्या लोकांनी वेढा घातला. अन्न नाही, पाणी नाही, पंधरा दिवस. कॅथलिकांनी कॅथलिक बिशपाला, पोपच्या नावाने, चर्चमध्ये कोंडून उपाशी ठेवलं. शेवटी इंग्रज सरकारने मध्ये पडून दरवाजे उघडायला लावले आणि चर्च गोव्याच्या बाजूला दिलं. त्याच वर्षी पोप नववे पायस यांनी गोव्याच्या बाजूच्या चार फादरांचं नाव घेऊन निषेधाचं पत्र काढलं. तरी भांडण मिटलं नाही.

आता माहीमला बुधवारी नोव्हेनाला जाणाऱ्यांत जेवढे ख्रिस्ती तेवढेच हिंदू असतात. मीही कॉलेजात असताना परीक्षेसाठी गेले आहे. पण त्याच दारात पंधरा दिवस पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नव्हता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. चर्चच्या इतिहासात जी पानं लाज आणणारी असतात ती सणाच्या स्मरणिकेत येत नाहीत, हे सगळ्याच धर्मांत सारखं असावं.

मिटलं कसं? सावकाश, इतकं सावकाश की भांडणारे सगळे आधी मेले. १८८६ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला, दमणला नवा धर्मप्रांत निघाला आणि साष्टी-वसई त्यात गेली. मुंबई शहरात दोन्हीकडची चर्च शेजारी शेजारी चालतच राहिली. १९२८ मध्ये दुहेरी अंमल संपला. त्यातही तोडगा काय, तर मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. १९५० मध्ये पोर्तुगालने उरलेला हक्क सोडला आणि व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. १८३८ ते १९५०, म्हणजे ११२ वर्षं.

या सगळ्यात एक माणूस मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आन्तोनियु फ्रान्सिस्कु शाव्हिएर आल्वारिस, गोव्याचे फादर, वेर्ण्याचे. १८८६ च्या करारात दक्षिणेतली आणि श्रीलंकेतली कितीतरी चर्च गोव्याच्या बाजूकडून प्रोपागांडाकडे गेली. लोकांना विचारलं नव्हतं. आल्वारिस यांनी विरोध केला, आणि विरोध करता करता रोमलाच सोडून मलंकार सिरियन चर्चमध्ये गेले. १८८९ मध्ये कोट्टायमला बिशप झाले, मार जुलियुस. जुन्या हक्कांसाठी उठलेला माणूस शेवटी त्या हक्कांच्या घरातूनच बाहेर. पुढे पोर्तुगीज सरकारनेही त्यांना पकडलं, छळलं. रायबंदरला १९२३ मध्ये वारले. गरिबांत काम केलेलं, लोकांचं प्रेम होतं, पण रोमशी समेट केला नाही. मुलाला मी ही गोष्ट सांगितली ती घाबरवायला. तो सगळं ऐकून म्हणाला, "पण आई, ते बरोबर होते की नाही?" मी म्हटलं, लोकांना न विचारता चर्च दिली हे चूकच. तो म्हणाला, "मग?"

हे 'मग?' इथल्या मुलांच्या बोलण्यातलं सगळ्यात त्रासदायक अक्षर आहे.

हिंदू वाचकांना हे परकं वाटत असेल तर पुण्याची आठवण करून देते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये मंडळी चहा प्यायली, त्यात टिळक आणि रानडे दोघेही. त्यावरून ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी प्रायश्चित्ताची तड शास्त्राच्या आधाराने लावली. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं, ते घेण्याची गरज आहे असं वाटत असल्यामुळे नव्हे, तर त्यांच्याबरोबर बहिष्कार भोगणाऱ्यांची घरं अडली होती म्हणून. सुधारकांनी त्यांना बोल लावला. मला शाळेत असताना रानडे तिथे कमी पडले असं वाटायचं. आता लेकाचं लग्न आणि आईचं तिकीट यांच्यामध्ये बसल्यावर तितकं खात्रीने म्हणवत नाही.

आणि इथेही, आमच्या पोरिरुआतही, हा प्रश्न जुनाच. बिशप विआर्ड कॉलेजवरून आपण सगळेच गाडी नेतो. हे विआर्ड कोण? १८३८ च्या जानेवारीत, म्हणजे रोमचं ते फर्मान निघण्याआधी तीन महिने, बिशप पोंपालिये यांनी होकिआंगाला न्यूझीलंडमधली पहिली मिस्सा केली. त्यांच्याबरोबरचे मारिस्ट फादर. लवकरच वाद लागला: मारिस्टांनी ऐकायचं कुणाचं, इथल्या बिशपांचं की फ्रान्समधल्या त्यांच्या वरिष्ठांचं, फादर कोलँ यांचं? फादर दोघांच्या मध्ये उपाशी. पैसे वेळेवर येत नव्हते. कोलँ यांनी माणसं पाठवणंच थांबवलं. विआर्ड स्वतः मारिस्ट, आणि पोंपालिये यांचे सहायक बिशपही. बिचारे दोन्हीकडून बांधलेले. रोमने १८४८ मध्ये देशाचे दोन भाग केले, उत्तर पोंपालिये यांना, दक्षिण विआर्ड यांच्याकडे, आणि १८५० मध्ये विआर्ड मारिस्टांना घेऊन वेलिंग्टनला आले. म्हणजे आपण राहतो तो धर्मप्रांतच मुळी 'कुणाचं ऐकायचं' या भांडणातून निघाला. मुलगा त्याच कॉलेजात शिकला, पण ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मला वाटतं त्याला ती आवडली. तो हसला तरी.

आता माझं मत. सदर माझं आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

परंपरा या शब्दाशी माझं भांडण आहे. मुलगा म्हणतो, लॅटिन ही आपली परंपरा, पणजोबा तेच म्हणत होते. बरोबर. पण त्याच्याही आधी? फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापलं, मराठी ओवीत. इंग्लंडचा माणूस, साष्टीत राहून मराठी शिकला, आणि कोकणातल्या चर्चमध्ये लोक त्या ओव्या गात होते. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावं. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने तर लग्नातल्या चालीरीतींवर भलीमोठी बंदी घातली. त्या बंदीतूनही आमच्या लोकांच्या लग्नात उंबराचं पाणी राहिलं, हळद राहिली, बायकांची गाणी राहिली. कशी राहिली? कुणीतरी आजीने फादरांचं ऐकलं नाही म्हणून! आई आज्ञेच्या गोष्टी सांगते तेव्हा मला हे तिला सांगावंसं वाटतं. आणि मुलगा परंपरेच्या गोष्टी सांगतो तेव्हा त्याला हेही सांगावंसं वाटतं की तू ज्याला परंपरा म्हणतोस तो एके काळी वरून आलेला हुकूम होता.

पण बिशपांच्या बाजूचंही सगळं मला पटतं असं नाही. २०२१ चं फर्मान निघालं तेव्हा इथे ज्यांना ते लागू झालं ती माणसं किती? मूठभर. तरुण जोडपी, लहान मुलं, एक-दोन म्हातारे. आमच्या चर्चमध्ये सामोअन मंडळींची मिस्सा असते, टोकेलाऊची गाणी असतात, फिलिपिनो मंडळी नाताळाआधी पहाटे जमतात, आणि फादर सगळ्यांना हसून हो म्हणतात. लॅटिन मागणाऱ्या पोरालाच तेवढं नाही. मी एकदा आमच्या ओळखीच्या एका फादरांना हे विचारलं. ते म्हणाले, भाषेचा प्रश्न नाही, त्यातले काही जण परिषदच मानत नाहीत, त्याचा आहे. खरं असेल. पण जो मानतो त्यालाही त्याच रांगेत उभं केलं की तो न मानणाऱ्यांकडेच जाईल. वांगानुईचा रस्ता आमच्या मुलाला कुणी दाखवला? त्याला जे हवं होतं ते जवळपास नव्हतं, हे साधं कारण आहे.

आता लग्नाचं. इथे एक गोष्ट मला नात्यातल्या एका वकिली डोक्याच्या काकांनी सांगितली, मग मी स्वतः वाचून खात्री केली. एप्रिल २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने रोमने बिशपांना कळवलं की सोसायटीच्या लोकांच्या लग्नाला परवानगी देता येईल. शक्यतो धर्मप्रांताच्या फादरांनी वचनं घ्यावीत आणि मग मिस्सा सोसायटीच्या फादरांनी करावी. तसं जमत नसेल तर बिशपांनी सोसायटीच्या फादरांनाच अधिकार द्यावा. आवळणाऱ्या पोपनीच हे दिलं, हेही लक्षात घ्या. म्हणजे वाट आहे. वचनं बिशपांच्या माणसासमोर, मिस्सा लॅटिनमध्ये.

आई म्हणाली, "बिशपांची सही असेल तर बघू." मुलगा म्हणाला, "म्हणजे आमच्या फादरांचा अपमान." मी म्हटलं, अरे, त्यांना विचारलंस का? विचारलं नव्हतं. मग विचारलं. फादर म्हणाले, अर्ज करा, आमची हरकत नाही. गंमत आहे, धर्मगुरू राजी आणि भक्त नाराज. माहीमच्या वेढ्यातही बाहेर उभे होते ते लोकच.

अर्ज गेला आहे. वांगानुई पामर्स्टन नॉर्थ धर्मप्रांतात येतं, तिथे. हे लिहिते आहे तोवर उत्तर नाही. लग्न फेब्रुवारीत. आईचं तिकीट मी काढून ठेवलं आहे, तिला न सांगता. वाचून कळेल तिला. अंक तिच्याकडे पोचतो तेव्हा ती आधी माझं सदर वाचते आणि मग शुद्धलेखन काढते.

एक गोष्ट राहिली. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, ओव्हल मैदानावर. आशियात आलेले पहिले पोप. आई तेव्हा बारा वर्षांची. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तिला वसईहून गाडीने घेऊन गेले. आजोबा आमच्या गावच्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत आणि गायकवृंद बसवत. अर्धं आयुष्य लॅटिन गाण्यांत गेलेलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत मराठी आली. आजोबांनी हूं की चूं केलं नाही. नवी मराठी गाणी शिकले, मुलांना शिकवली, स्वतःही चाली लावल्या. आई हे नेहमी सांगते: बघ, आज्ञा म्हणजे काय ते. पण तिने एक गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. ती आता ऑगस्टमध्ये सांगितली, भांडण चालू असतानाच. आजोबांनी लॅटिन गाण्यांची वही टाकली नाही. कपाटात, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांखाली ठेवली होती. कधी कधी दुपारी ते ती काढून बसत. वाजवत नसत. नुसती पानं उलटत.

मुलाला हे सांगितलं तर तो उडालाच. "मला ती वही बघायची आहे." व्हिडिओ कॉल लावला. आईने चष्मा लावून, वही फोनसमोर धरली. पिवळी पानं, निळी शाई, अक्षर मोत्यासारखं. मुलाने डोळे बारीक करून पाहिलं, फोन आडवा केला, उभा केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे काय लिहिलंय?"

लॅटिनच होतं. आजोबांनी देवनागरीत लिहून ठेवलं होतं. त्यांना रोमन लिपी नीट येत नव्हती, गायकांनाही नाही. आणि आमच्या पंडिताला लॅटिन येतं, पण देवनागरी येत नाही. शनिवारची मराठी शाळा दुसऱ्या वर्षी सोडली होती त्याने, फुटबॉलसाठी.

"आजी, तू वाच ना," तो म्हणाला.

आई म्हणाली, वाचायचं कशाला. वही तिने मांडीवर ठेवली आणि 'तांतुम एर्गो' म्हणायला लागली. बघून नाही, पाठ. पहिल्या कडव्यात आवाज जरा फाटला, मग सापडला. इथे हा त्याच्या वांगानुईच्या उच्चारात मागून धरत होता. दोन ठिकाणी त्याचं आणि तिचं जुळलं नाही. ती थांबली, त्याला दुरुस्त केलं, पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं. आजोबा तसंच करायचे म्हणे.

संपल्यावर कुणी काही बोललं नाही. मग आईने विचारलं, "जेवलास का रे?" आणि फोन ठेवला.

वहीची झेरॉक्स येते आहे. त्याने मराठी शाळेच्या बाईंना फोन केला आहे, मोठ्यांसाठी वर्ग आहे का म्हणून.